क्लिनिकल रिसर्चमध्ये इमेजिंग वापरताय? एक्स्पर्टकडे कधी जायचं, काय घेऊन जायचं आणि काय पदरात पाडून घ्यायचं

"साठ पेशंटचे एमआरआय झालेत, आता फक्त ॲनालिसिस करून हवंय, किती दिवस लागतील?" अशी मेल आली की मी आधी खुर्ची मागे सरकवते. त्या 'फक्त'मध्येच सगळी गोम असते. फाइल्स उघडून बघावं तर स्लाइस ५ मिमी जाडीचे, मध्ये गॅप सोडलेला, अर्धे स्कॅन एका मशीनवर आणि अर्धे दुसऱ्या, आणि पीआयना (स्टडीच्या प्रमुख संशोधकांना) हवाय काय तर हिप्पोकॅम्पसचा व्हॉल्यूम, ज्याला साधारण १ मिमीचा थ्रीडी टी-वन सिक्वेन्स (एमआरआयच्या एका प्रकारच्या चित्रांची मालिका) लागतो आणि तो कुणी घेतलेलाच नाही. आता कितीही मोठा एक्स्पर्ट आणा, आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार.

मी गेली काही वर्षं रिसर्चसाठीच्या इमेजिंगचं को-ऑर्डिनेशन करते, म्हणजे एका बाजूला डॉक्टर-संशोधक आणि दुसऱ्या बाजूला रेडिओलॉजिस्ट, फिजिसिस्ट, ॲनालिसिसवाली मंडळी, आणि मध्ये मी. थीसिस करणारे रेसिडेंट, पहिल्यांदाच ट्रायल चालवणारे पीआय, एखादं नवीन डिव्हाइस किंवा औषध घेऊन आलेली छोटी टीम, सगळ्यांना तेच तेच सांगून झालंय, म्हणून एकदाच लिहून काढतेय. कन्सल्टेशन तुम्हाला युनिव्हर्सिटीच्या इमेजिंग कोअरकडून मिळेल, सीआरओकडून (ट्रायल चालवून देणाऱ्या कंपनीकडून) मिळेल किंवा ओळखीच्या एखाद्या अनुभवी माणसाकडून, पायऱ्या त्याच.

पायरी १: स्कॅन कशासाठी, ते एका वाक्यात लिहा

हे फोन करायच्या आधी. इमेजिंग तुमच्या स्टडीत साधारण चारपैकी एक काम करत असतं. एक म्हणजे पेशंट निवडणं, जसं अल्झायमरच्या ट्रायलमध्ये अमायलॉइड पेट (मेंदूत साठलेलं अमायलॉइड प्रोटीन दाखवणारा पीईटी स्कॅन) पॉझिटिव्ह असेल तरच घ्यायचं. दुसरं, उपचाराचा परिणाम मोजणं, म्हणजे एंडपॉइंट. तिसरं सेफ्टी, उदाहरणार्थ अमायलॉइडविरोधी अँटिबॉडी देताना मेंदूत सूज किंवा बारीक रक्तस्राव होतोय का ते ठराविक अंतराने एमआरआय करून बघतात, त्याला आरिया म्हणतात. आणि चौथं, बघू तर खरं काय दिसतंय, म्हणजे एक्सप्लोरेटरी. चारही कामं चालतील पण कुठलं काम करतोय ते माहीत पाहिजे, कारण प्रायमरी एंडपॉइंट असेल तर जेवढी शिस्त लागते तेवढी एक्सप्लोरेटरीला लागत नाही, आणि उलटं करून बसलात तर खर्च भलतीकडेच होतो.

वाक्य असं लिहा: "अमुक पेशंटमध्ये आम्ही अमुक गोष्ट, अमुक दिवशी, अमुक स्कॅनवर मोजणार, आणि ती एवढी बदलली तर आम्ही असं समजणार." हे वाक्य कागदावर उतरत नसेल तर तेच घेऊन जा, कुठे अडकलंय ते एक्स्पर्टला पहिल्या दहा मिनिटांत दिसतं. "कुठला स्कॅन करू?" हा प्रश्न घेऊन गेलात तर मात्र तास नुसता गप्पांत जातो.

पायरी २: कधी जायचं

प्रोटोकॉल एथिक्स कमिटीकडे जायच्या आधी. बजेट पक्कं व्हायच्याही आधी. मंजुरी मिळाल्यावर एक सिक्वेन्स वाढवायचा तरी अमेंडमेंट करावी लागते, कन्सेंट फॉर्म बदलतो, स्कॅनचा वेळ वाढतो आणि मशीनचा स्लॉट परत मागावा लागतो. उशिरा येणाऱ्यांना मी परत पाठवत नाही, पण तेव्हा जी मिळते ती डागडुजी असते.

पायरी ३: कुठला एक्स्पर्ट?

'इमेजिंग एक्स्पर्ट' असा एक माणूस नसतो. रेडिओलॉजिस्ट सांगतो की आजार कुठल्या स्कॅनवर नीट दिसतो, नॉर्मलमध्ये काय काय दिसू शकतं आणि कशाला फसायचं नाही. पेट किंवा बोन स्कॅन असेल तर न्यूक्लिअर मेडिसिनचे डॉक्टर. मेडिकल फिजिसिस्ट मशीन, डोस, फॅन्टम (मशीन तपासायला माणसाऐवजी स्कॅन करायची वस्तू) आणि दोन मशीनमधला फरक बघतो. इमेज ॲनालिस्ट सेगमेंटेशन करतो (स्कॅनमधला हवा तो भाग आखून वेगळा करतो), सॉफ्टवेअर चालवतो, आकडे काढून देतो. स्टॅटिस्टिशियन लागतोच, आणि इमेजिंगचा डेटा हाताळलेला असेल तर फार बरं, कारण इथे एका पेशंटमागे लाखो व्हॉक्सेल (थ्रीडी चित्रातले बारीक ठोकळे) असतात आणि लाख टेस्ट केल्या की काहीतरी सिग्निफिकंट निघतंच. २००९ मध्ये एका टीमने मेलेला सॅमन मासा स्कॅनरमध्ये ठेवून फंक्शनल एमआरआय केला होता, त्याला माणसांचे फोटो दाखवले, आणि मल्टिपल कंपॅरिझनची दुरुस्ती न करता डेटा बघितला तर माशाच्या मेंदूत 'ॲक्टिव्हिटी' दिसली. हसायला येतं, पण मुद्दा लक्षात राहतो.

आणि ज्याला कुणी मीटिंगला बोलवत नाही तो म्हणजे टेक्नॉलॉजिस्ट, जो रोज प्रत्यक्ष मशीनवर बसतो. माझं ऐकाल तर याला पहिल्या दिवसापासून घ्या. कागदावर ५० मिनिटांचा सुंदर प्रोटोकॉल बनतो आणि टेक्नॉलॉजिस्ट एका वाक्यात सांगतो की पार्किन्सनचा पेशंट एवढा वेळ न हलता पडू शकणार नाही, महत्त्वाचा सिक्वेन्स आधी घ्या. हे वाक्य कुठल्याच गाइडलाइनमध्ये सापडत नाही.

पायरी ४: पहिल्या मीटिंगला काय न्यायचं

एक पानाचा सारांश, पायरी १ मधलं वाक्य, पेशंटची अंदाजे संख्या, कुठल्या व्हिजिटला स्कॅन याचं टेबल, तुमच्याकडे असलेल्या मशीनची नावं आणि मॉडेल, आणि तुमच्या सेंटरवर झालेले दोन-तीन जुने स्कॅन, नाव काढून टाकलेले, डायकॉम फाइलमध्ये, म्हणजे स्कॅनरच्या मूळ फॉरमॅटमध्ये. हे शेवटचं जोरात सांगते कारण लोक फिल्मचा मोबाइलने काढलेला फोटो पाठवतात किंवा जेपीजी करून पाठवतात. जेपीजीमध्ये सीटीचे खरे एचयू (टिश्यूची घनता सांगणारे) आकडे उरत नाहीत, स्लाइसची जाडी कळत नाही, त्यावरून मोजमाप करणं म्हणजे सावलीवरून माणसाची उंची सांगणं. तुमच्या विषयावरचे दोन-तीन पेपरही न्या, विशेषतः ज्यांच्यासारखं तुम्हाला करायचंय ते, आणि त्यातला मेथड्सचा भाग स्वतः वाचून जा.

पायरी ५: स्कॅन नेमका कसा घ्यायचा

कन्सल्टेशनचा सगळ्यात जास्त वेळ इथे जायला हवा. रोजच्या पेशंटसाठीचा स्कॅन आणि रिसर्चचा स्कॅन यात फरक हा की रोजच्या स्कॅनमध्ये डोळ्याला उत्तर दिसलं की काम झालं, इथे सहा महिन्यांनी घेतलेला दुसरा स्कॅन पहिल्यासारखाच असावा लागतो, नाहीतर जो बदल दिसतो तो आजाराचा की मशीनचा हे कुणालाच सांगता येत नाही.

सीटी असेल तर स्लाइसची जाडी, रिकन्स्ट्रक्शन कर्नल (चित्र मऊ की धारदार बनवायचं ते ठरवणारा फिल्टर), केव्हीपी (एक्स-रे ट्यूबचा व्होल्टेज) आणि कॉन्ट्रास्टची फेज (कॉन्ट्रास्ट दिल्यावर किती वेळाने स्कॅन) हे लिहूनच घ्या. कर्नलचं उदाहरण देते. फुप्फुसातला एम्फिसिमा मोजताना उणे ९५० एचयूच्या खालचे व्हॉक्सेल किती टक्के ते बघतात. आता तोच पेशंट, तोच स्कॅन, पण शार्प कर्नलने रिकन्स्ट्रक्ट केला तर नॉइज वाढतो आणि एम्फिसिमा आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. म्हणजे बेसलाइनला सॉफ्ट आणि फॉलोअपला शार्प वापरलात तर पेशंटचं फुप्फुस तुमच्या कॉम्प्युटरवरच बिघडलं. लिव्हरच्या गाठीत फेज महत्त्वाची, एकदा आर्टेरिअल आणि एकदा पोर्टल व्हीनस फेजमध्ये मोजलं तर तुलना कसली करणार.

एमआरआयमध्ये तर विचारूच नका. मशीन १.५ टेस्ला की ३, कॉइल कुठली, सिक्वेन्सचे सगळे आकडे. एक्स्पर्टकडून प्रोटोकॉलची प्रिंट मागू नका, स्कॅनरमधून एक्सपोर्ट केलेली फाइल मागा आणि ती मशीनमध्ये स्टडीच्या नावाने वेगळी सेव्ह करून लॉक करायला सांगा, कारण सॉफ्टवेअर अपग्रेड झालं किंवा नवीन टेक्नॉलॉजिस्ट आला की कुणीतरी चांगल्या भावनेनेच "जरा सुधारून" ठेवतं. मी एका स्टडीत हे भोगलंय, मधल्या चार महिन्यांचे स्कॅन वेगळ्या रेझोल्यूशनचे निघाले आणि कुणी बदललं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

पेटमध्ये भानगड घड्याळाची. पेटमध्ये मोजतात तो आकडा एसयूव्ही, म्हणजे टिश्यूमधली ॲक्टिव्हिटी भागिले वजनाच्या हिशोबाने दिलेला डोस. पेटच्या इंजेक्शनमधल्या किरणोत्सारी एफ-१८ चं हाफ-लाइफ जवळपास ११० मिनिटं, म्हणजे डोस कॅलिब्रेटरचं घड्याळ आणि स्कॅनरचं घड्याळ यात १० मिनिटांचा फरक असेल तर एसयूव्ही सरळ ६ टक्क्यांच्या आसपास चुकतो, आणि एवढी चूक स्कॅन बघून कुणाला कळणारही नाही. म्हणून विचारायचं ते हे: एफडीजी (एफ-१८ जोडलेली साखर) दिल्यावर किती मिनिटांनी स्कॅन (साधारण ६०, आणि फॉलोअपला बेसलाइनच्या १० मिनिटं मागेपुढे, त्यापेक्षा जास्त नको), पेशंट किती तास उपाशी, शुगर किती असेल तर स्कॅन पुढे ढकलायचा, वजन प्रत्येक वेळी काट्यावर घ्यायचं की पेशंट सांगेल ते लिहायचं. काट्यावरच घ्या. केमो चालू असलेल्या माणसाचं वजन दोन महिन्यांत किती बदलतं ते तुम्हाला माहितीये.

पायरी ६: मोजायचं कुठल्या नियमाने

कॅन्सरची ट्रायल असेल तर बहुतेक वेळा उत्तर रेसिस्ट १.१ (गाठींचा आकार मोजून उपचाराचा परिणाम ठरवायचे नियम) हेच असतं, २००९ चं. पण प्रोटोकॉलमध्ये नुसतं 'रेसिस्टप्रमाणे' लिहून भागत नाही. एकूण जास्तीत जास्त ५ टार्गेट लिजन (मोजायला निवडलेल्या गाठी), एका अवयवात जास्तीत जास्त २. लिजन लांबीला किमान १० मिमी, तेही सीटीची स्लाइस ५ मिमी किंवा त्याहून पातळ असेल तर, स्लाइस जाड असेल तर जाडीच्या दुप्पट. लिम्फ नोडचा मात्र शॉर्ट ॲक्सिस (आखूड व्यास) धरतात आणि तो किमान १५ मिमी पाहिजे. सगळ्यांची बेरीज बेसलाइनपेक्षा ३० टक्के कमी झाली तर पार्शल रिस्पॉन्स. प्रोग्रेशन मात्र बेसलाइनपासून मोजत नाहीत, आत्तापर्यंतच्या सगळ्यात कमी बेरजेपासून मोजतात, २० टक्के वाढ आणि शिवाय किमान ५ मिमी वाढ, किंवा नवीन लिजन.

याच ठिकाणी लोक सगळ्यात जास्त घसरतात म्हणून आकडे मांडून दाखवते. बेसलाइनला बेरीज १०० मिमी. दोन सायकलनंतर ६०, म्हणजे पार्शल रिस्पॉन्स, सगळे खूश. पुढच्या स्कॅनला ७४. आता ट्रीटिंग डॉक्टर म्हणतात अजून १०० पेक्षा कितीतरी कमी आहे की, चांगलं चाललंय. पण ६० वरून ७४ म्हणजे १४ मिमी, २३ टक्क्यांची वाढ, रेसिस्टने हे प्रोग्रेशन आहे. औषध चालू ठेवायचं की थांबवायचं, पेशंट स्टडीत राहतो की बाहेर जातो, हे या हिशोबावर ठरतं, तेव्हा हा हिशोब कोण करणार, कुठल्या शीटवर आणि किती दिवसांत, हे कन्सल्टेशनमध्येच ठरवून घ्या.

रेसिस्ट सगळीकडे बसत नाही. इम्युनोथेरपी असेल तर गाठ आधी वाढून मग लहान होऊ शकते, म्हणून २०१७ च्या आय-रेसिस्टमध्ये पहिलं प्रोग्रेशन 'अनकन्फर्म्ड' धरतात आणि ४ ते ८ आठवड्यांनी परत बघतात. लिम्फोमाला लुगानो आणि त्यात पेटसाठी डोव्हिलचा ५ पॉइंटचा स्केल. ब्रेन ट्यूमरला रानो. लिव्हर कॅन्सरमध्ये एम-रेसिस्ट, कारण तिथे गाठीचा आकार तोच राहतो पण आतला जिवंत भाग कमी होतो. प्रोस्टेटच्या हाडांतल्या मेटास्टॅसिसला बोन स्कॅनचा वेगळाच नियम आहे, कारण उपचार लागू पडत असतानाही सुरुवातीला स्कॅन जास्त उजळ दिसू शकतो.

व्यास मोजायचा की व्हॉल्यूम हा प्रश्नही विचारून ठेवा. १० मिमीची गोल गाठ १२.६ मिमी झाली की तिचा व्हॉल्यूम दुप्पट झालेला असतो, रिपोर्टमध्ये मात्र अडीच मिमी काय मोठं, असं वाटून जातं. छोट्या नोड्यूलमध्ये व्हॉल्यूम जास्त लवकर बोलतो, पण त्याला पातळ स्लाइस लागतात, म्हणजे परत पायरी ५.

पायरी ७: किती पेशंट लागतील

स्टॅटिस्टिशियन तुम्हाला विचारेल की या मोजमापाची रिपीटेबिलिटी किती. म्हणजे काहीही बदललेलं नसताना त्याच माणसाचा दोनदा स्कॅन केला तर आकडा किती हलतो. रिपीटेबिलिटी कोइफिशंट काढायचा सोपा हिशोब म्हणजे विदिन-सब्जेक्ट स्टँडर्ड डेव्हिएशन गुणिले २.७७. एका पेशंटमधला बदल यापेक्षा लहान असेल तर तो खरा बदल आहे असं छातीठोक सांगता येत नाही. पेटच्या पर्सिस्ट नियमात रिस्पॉन्स म्हणायला एसयूएल पीक (वजनाऐवजी चरबी सोडून उरलेल्या वजनाने काढलेला एसयूव्ही, गाठीच्या सगळ्यात तेज भागातला) ३० टक्के घसरावा लागतो, शिवाय किमान ०.८ युनिट, तो उंबरठा एवढा उंच ठेवण्यामागे हेच. तुमच्या मोजमापाचा हा आकडा छापलेल्या अभ्यासात मिळाला तर उत्तम, नाहीतर आठ-दहा लोकांचं छोटं टेस्ट-रिटेस्ट करता येईल का ते एक्स्पर्टला विचारा. सॅम्पल साइजमध्ये खराब निघणारे स्कॅनही धरा, हलणारे पेशंट असतात, क्लॉस्ट्रोफोबिया असतो, कुणाच्या दातातला धातू नेमका हव्या त्या जागी काळा डाग पाडतो.

पायरी ८: रेडिएशन, कॉन्ट्रास्ट आणि अचानक सापडलेली गोष्ट

एथिक्स कमिटी जे विचारणार ते आधीच तयार ठेवा. फिजिसिस्टकडून दोन वेगळे आकडे घ्या: पेशंटला उपचारासाठी असेही लागले असते त्या स्कॅनचा डोस, आणि फक्त स्टडीमुळे होणाऱ्या जास्तीच्या स्कॅनचा. कन्सेंट फॉर्ममध्ये दुसरा आकडा साध्या भाषेत पाहिजे. तुलना द्यायची तर नैसर्गिक रेडिएशनची द्या, जगाची सरासरी वर्षाला साधारण २.४ ते ३ मिलिसिव्हर्ट धरतात, आणि छातीचा साधा सीटी साधारण ५ ते ७ च्या घरात जातो. "नगण्य" असं लिहू नका.

गॅडोलिनियम (एमआरआयचं कॉन्ट्रास्ट) द्यायचं असेल तर ईजीएफआर (किडनी किती काम करते तो आकडा) कधी तपासायचा ते लिहा, ३० च्या खाली असेल तर जास्तच जपून, कारण नेफ्रोजेनिक सिस्टेमिक फायब्रोसिस (किडनी खराब असलेल्यांत कातडी आणि अवयव कडक होणं) आणि गॅडोलिनियमच्या काही लिनिअर एजंट्सचा संबंध २००६ पासून माहीत आहे. पेसमेकर, क्लिप, इम्प्लांट यांची स्क्रीनिंग शीट टेक्नॉलॉजिस्टकडून भरून घ्यायची, को-ऑर्डिनेटरने फोनवर विचारलेलं धरायचं नाही.

इन्सिडेंटल फाइंडिंग हा विषय लोक टाळतात. तक्रार नसलेल्या माणसांच्या मेंदूचे एमआरआय घेतले तर साधारण ३७ मागे एकात काहीतरी अनपेक्षित सापडतं, असं २००९ च्या एका मेटा-ॲनालिसिसमध्ये निघालं होतं. म्हणजे तुमच्या ८० कंट्रोलमध्ये एक-दोघं निघाले तर नवल नको. मग तो स्कॅन क्लिनिकल रेडिओलॉजिस्ट बघणार की नाही, किती दिवसांत, पेशंटला कोण सांगणार, पुढच्या तपासणीचं काय, ही चार उत्तरं प्रोटोकॉलमध्ये नसतील तर तो फोन कुणीच करत नाही. मी तरी ही चार उत्तरं लिहिल्याशिवाय प्रोटोकॉल पुढे सरकू देत नाही.

पायरी ९: सेंटर एकापेक्षा जास्त असतील तर

प्रत्येक सेंटरची आधी पात्रता तपासायची. फॅन्टम स्कॅन करून पाठवा, मग एका माणसाचा डमी स्कॅन पूर्ण प्रोटोकॉलने करून पाठवा, तो पास झाला तरच पहिला पेशंट. २००४ मध्ये सुरू झालेल्या अल्झायमरच्या एडीएनआय स्टडीत वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीनवरचे एमआरआय एकत्र आणायचे होते, म्हणून त्यांनी प्रत्येक कंपनीसाठी वेगळा जुळवलेला प्रोटोकॉल केला आणि खास फॅन्टम बनवून घेतला. यूके बायोबँकने (ब्रिटनमधला मोठा आरोग्य-अभ्यास) दुसरा रस्ता घेतला, सगळ्या सेंटरवर सारखीच मशीन बसवली. तुमच्याकडे तेवढा पैसा नसणार, तेव्हा एडीएनआयचा रस्ता.

आणि क्वालिटी चेक स्टडी संपल्यावर करायचा नसतो. स्कॅन आल्यावर दोन-तीन दिवसांत कुणीतरी उघडून बघितला पाहिजे, हललाय का, पूर्ण भाग आलाय का, पॅरामीटर बरोबर आहेत का, म्हणजे पेशंट अजून संपर्कात असतो आणि परत बोलवता येतं. कन्सल्टंटशी करार करताना हे काम कोण करणार ते नक्की करा, कारण दोघंही समजतात की दुसरा करतोय.

पायरी १०: नाव काढणं आणि डेटा पाठवणं

फाइलचं नाव बदललं म्हणजे डेटा अनामिक झाला असं नाही. डायकॉमच्या हेडरमध्ये नाव, जन्मतारीख, हॉस्पिटल, कधीकधी रेफर करणाऱ्या डॉक्टरचं नावही असतं. सोनोग्राफीत तर नाव चित्रावरच छापलेलं असतं, ते हेडर साफ करून जात नाही. डोक्याच्या एमआरआयमधून चेहरा तयार करता येतो, २०१९ मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात ८४ पैकी ७० जणांचा एमआरआय फेस रेकग्निशनने त्यांच्या फोटोशी बरोबर जुळला होता. म्हणून डीफेसिंग (स्कॅनमधला चेहरा पुसणं) करायचं का, आणि केलं तर पुढच्या ॲनालिसिसला त्रास होतो का, हे विचारा.

उलट्या बाजूचीही चूक होते आणि ती जास्त चिडवते. कुणीतरी अति काळजीने हेडरमधलं सगळंच पुसतं. मग पेटमध्ये वजन आणि इंजेक्शनची वेळ गेली की एसयूव्ही निघत नाही, आणि काही स्कॅनरमध्ये डिफ्यूजन एमआरआयची बी-व्हॅल्यू नावाची सेटिंग कंपनीच्या प्रायव्हेट टॅगमध्ये असते, ती गेली की एडीसी (टिश्यूत पाणी किती मोकळं फिरतं तो आकडा) निघत नाही. डायकॉम स्टँडर्डच्या भाग १५ मध्ये काय काढायचं आणि काय ठेवता येतं याचे प्रोफाइल दिलेत, त्यातलं कुठलं वापरायचं ते एक्स्पर्टकडून लेखी घ्या. तारखा काढायच्या तर प्रत्येक पेशंटच्या सगळ्या तारखा सारख्याच दिवसांनी सरकवा, म्हणजे दोन स्कॅनमधलं अंतर टिकतं. एक टेस्ट केस शेवटपर्यंत पाठवून, तिकडे उघडून, आकडा निघतो का ते बघितल्याशिवाय खरा डेटा पाठवू नका.

पायरी ११: वाचणार कोण

ट्रायलमध्ये साधारण पद्धत अशी की दोन रेडिओलॉजिस्ट स्वतंत्रपणे वाचतात, पेशंट कुठल्या ग्रुपमधला ते त्यांना माहीत नसतं, आणि दोघांचं पटलं नाही तर तिसरा ॲडज्युडिकेटर निवाडा देतो. रीडर काय बघणार, कुठल्या क्रमाने बघणार, क्लिनिकल माहिती किती देणार, हे सगळं ज्या कागदात असतं त्याला इमेजिंग चार्टर म्हणतात. अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये इमेजिंग एंडपॉइंटवर गाइडन्स काढलाय, त्यात चार्टरमध्ये काय असावं ते बऱ्यापैकी तपशिलात आहे, थीसिससाठी एवढं नको, पण दोन पानांचा छोटा चार्टर थीसिसलाही करा असं माझं मत. खऱ्या केस वाचायच्या आधी रीडरना ट्रेनिंगच्या केस द्या, दोघांचं किती जुळतं ते (ॲग्रीमेंट) काढा, त्यासाठी स्टॅटिस्टिक्सची मापं म्हणजे आकड्यांना आयसीसी आणि ब्लँड-ऑल्टमन, हो-नाही प्रकाराला कॅपा (kappa). सगळ्यात सहज होणारी चूक म्हणजे ट्रीटिंग डॉक्टरनेच स्वतःच्या पेशंटचे स्कॅन मोजणं. प्रामाणिक माणूससुद्धा अर्धा मिमी आशेच्या बाजूला झुकतो.

रेडिओमिक्स (स्कॅनमधून कॉम्प्युटरने शेकडो आकडे, म्हणजे फीचर, काढणं) किंवा एआय करायचंय असं म्हणणारे हल्ली फार येतात, त्यांच्यासाठी थोडक्यात. पेशंट ६० आणि फीचर हजार असतील तर मॉडेल पाठांतर करतं, त्याला शिकणं म्हणत नाहीत. डेटा ट्रेन आणि टेस्टमध्ये वाटताना पेशंटप्रमाणे वाटा, स्लाइसप्रमाणे वाटलात तर त्याच माणसाची एक स्लाइस इकडे आणि दुसरी तिकडे जाते आणि ॲक्युरसी भन्नाट येते, जी खोटी असते. फीचरच्या व्याख्या आयबीएसआयप्रमाणे (रेडिओमिक्सच्या प्रमाणित व्याख्या) घ्या आणि लिहिताना क्लेम (मेडिकल इमेजिंगमधल्या एआय पेपरसाठीची) चेकलिस्ट समोर ठेवा.

पायरी १२: लेखी काय घ्यायचं

कामाची यादी एका पानावर: किती मीटिंग, प्रोटोकॉल कोण लिहिणार, क्यूसी (क्वालिटी चेक) कोण करणार, किती स्कॅनचं ॲनालिसिस, रिझल्ट कुठल्या फॉरमॅटमध्ये, स्कॅन खराब निघाला तर परत करायचा खर्च कुणाचा. ऑथरशिपचं सुरुवातीलाच बोला, संकोच करू नका. आयसीएमजेईच्या (मेडिकल जर्नलच्या संपादकांची समिती) चार अटी पूर्ण करणारा ऑथर, नुसता सल्ला देणाऱ्याचे आभार, आणि पैसे घेतले म्हणून ऑथरशिप जात नाही की पैसे दिले म्हणून मिळतही नाही.

आणि शेवटी हँडओव्हरच्या वेळी नुसती एक्सेल शीट घेऊन निघून येऊ नका. मूळ डायकॉम, सेगमेंटेशनचे मास्क, स्क्रिप्ट, आणि सॉफ्टवेअरचं व्हर्जन व कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टिम लिहिलेली एक साधी टेक्स्ट फाइल मागा. फ्रीसर्फरचं (मेंदूचे एमआरआय मोजणारं सॉफ्टवेअर) व्हर्जन किंवा ऑपरेटिंग सिस्टिम बदलली की त्याच स्कॅनचे मेंदूचे आकडे बदलतात हे २०१२ मध्येच दाखवून झालंय, म्हणून स्टडी चालू असताना मध्येच सॉफ्टवेअर अपडेट करायचं नाही, आणि करावंच लागलं तर सगळे स्कॅन, पहिल्या पेशंटपासून, नव्याने चालवायचे. पेपर सबमिट केल्यावर आठ महिन्यांनी रिव्ह्यूअर नेमका व्हर्जन विचारतो, तोवर ॲनालिस्टने नोकरी बदललेली असते आणि त्याचा लॅपटॉप फॉरमॅट झालेला असतो.